छत्री, दिवा आणि आमचे हे

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. त्या साली आमच्या शहराचा नगराध्यक्ष निवडायचा होता, आणि तो सगळे मतदार मिळून निवडणार असा सगळ्यांचा भाबडा समज होता. खरी जबाबदारी एकट्या माझ्या नवऱ्यावर होती. हे अर्थात फक्त माझ्या नवऱ्यालाच माहीत होतं.

आमचे हे चष्मे करायचे. खाली रस्त्यावर दुकान, त्यामागे काचा घासायची खोली, आणि वर आम्ही चौघं: हे, मी, सासूबाई आणि माझी नणंद. आदल्या निवडणुकीच्या दिवशी एक गिऱ्हाईक चष्म्याची तुटकी काडी घेऊन आलं. ती बसवता बसवता मतदानाची वेळ टळली, आणि यांचे लाडके उमेदवार, आमचे वकीलसाहेब, थोडक्यात पडले. थोडक्यात म्हणजे काही एका मताने नव्हे. पण यांचं म्हणणं, "मी गेलो असतो तर वाटेत चार जणांना घेऊन गेलो असतो. त्या चौघांनी आणखी..." असं करत करत वर्षभरात यांनी वकीलसाहेबांना मनातल्या मनात प्रचंड बहुमताने निवडून आणलं. प्रत्यक्षात खुर्चीत बसला तो त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला मिशीवाला.

तेव्हापासून शहरात जे काही बिघडेल ते यांच्या खाती. रस्त्यात खड्डा पडला की यांचा चेहरा उतरायचा. नळाला पाणी आलं नाही की हे जिन्यातच शेजारणीला गाठून म्हणायचे, "माफ करा हं." तिला कळायचंच नाही की पाण्याचा आणि चष्मेवाल्याचा काय संबंध.

सासूबाई एकदा खिडकीशी बसून म्हणाल्या, "अरे, सूर्य मावळला बघ. तो तरी तुझ्यामुळे नाही ना?"

"आई, थट्टा नको."

"थट्टा कुठे? विचारून घेतलेलं बरं. नाहीतर रात्री पुन्हा जेवायचा नाहीस."

त्र्याहत्तर साली मात्र थट्टा करण्यासारखं राहिलं नाही. मिशीवाल्याने भर सभेत सांगितलं की पुन्हा निवडून आलो तर आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करीन. रुंद करणार म्हणजे आमच्या बाजूची मोजक्या घरांची रांग पाडणार. त्या रांगेत आमचं घर, दुकान, आणि माझ्या सासऱ्यांनी स्वतः जमिनीत रोवलेलं काचा घासायचं चाक. वकीलसाहेब म्हणाले, मी असेपर्यंत एक वीट हलणार नाही. झालं, यांची झोप उडाली. हात कापायला लागले. आणि चष्मेवाल्याचा हात थरथरला की दुसऱ्याचं जग हलतं. एका भल्या माणसाला यांनी उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवून दिली. तो बिचारा आठवडाभर दारांच्या चौकटींवर आपटत होता. वर स्वतःलाच वेंधळा म्हणत होता.

डॉक्टरांनी सांगितलं, पेपर वाचायचा नाही, रेडिओ ऐकायचा नाही. हे आज्ञाधारक. पेपर मला वाचायला लावायचे आणि समोर बसून माझा चेहरा न्याहाळायचे.

"भुवई का वर गेली? काय लिहिलंय?"

"अहो, बटाटे महागलेत."

"माझ्यामुळेच," हे म्हणायचे आणि उठून जायचे.

नणंदेची तऱ्हा उलटी. त्या एका कचेरीत टंकलेखक होत्या आणि त्यांनी जन्मात मत दिलं नव्हतं. "वहिनी, मी कुणालाच निवडत नाही, म्हणून मला सगळ्यांवर ओरडता येतं," असं त्या अभिमानाने सांगायच्या. हे भडकायचे. मग दोघं भावंडं जेवताना असं काही भांडायची की घर पाडायला मिशीवाल्याची गरजच पडू नये.

आणि एके दिवशी भांडता भांडता यांचा घास हातातच थांबला.

"छत्री आणि दिवा!" हे म्हणाले.

वकीलसाहेबांची खूण होती छत्री, मिशीवाल्याची टेबलावरचा दिवा. मतपत्रिकेवर दोन्ही चित्रं नखाएवढी. वर घुमट, खाली दांडी. आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त माणसं म्हातारी. पिकल्या डोळ्यांना छत्री काय नि दिवा काय.

"गेल्या वेळी आपली मतं दिव्याला गेली," हे म्हणाले. "त्यांना दिसलंच नाही! आणि गल्लीतल्या डोळ्यांना जबाबदार कोण?"

"आता हे सुद्धा तूच," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून हे घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचे डोळे तपासू लागले. जुन्या फ्रेमा पेटीतून निघाल्या. प्रत्येकाला दुहेरी काचा, म्हणजे वरून लांबचं दिसेल आणि खालून मतपत्रिका. हात कापायचा म्हणून एकेक काच दोनदा घासायची. मी चाकावर पाणी सोडायला बसायची. कुणाला मत द्या हे मात्र यांनी एकालाही सांगितलं नाही. सज्जन माणूस. दिसायला लागलं की लोक आपोआप आपल्यासारखाच विचार करतील, अशी यांची खात्री होती.

समोरच्या रांगेत एक निवृत्त गणिताच्या बाई एकट्या राहायच्या. त्यांनी चष्मा चढवला, खिडकीतून आमच्या दुकानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! तुमच्या पाटीवर चष्मा आहे होय? मला इतकी वर्षं वाटायचं, मासा आहे."

सासूबाईंना पहिला चष्मा मिळाला होता. त्या तो लावून वकीलसाहेबांच्या सभेला जाऊन आल्या आणि थेट तांदूळ निवडायला बसल्या. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुझा वकील व्यासपीठावर झोपतो गं. मला आजवर वाटायचं, डोळे मिटून विचार करतो."

"यांना सांगू नका," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? पण तो मिशीवाला जवळून बरा दिसतो हो."

मतदानाच्या दिवशी हे पहाटेच तयार. स्वतःचं मत देऊन आले आणि मग दिवसभर म्हाताऱ्यांना हाताला धरून नेलं, आणलं, चष्म्याच्या काचा पुसून दिल्या. सगळेजण यांच्याकडे बघून गोड हसत होते. ते हसणं पाहून यांना इतका धीर आला की त्या रात्री हे चक्क घोरले.

निकालाची बातमी नणंदेने कचेरीतून आणली. त्या दुकानाच्या दारातच उभ्या राहिल्या. दिवा जिंकला होता, या वेळी दणदणीत. आमच्या गल्लीच्या पेटीत तर छत्री शोधावी लागली.

हे चाकापाशी स्टुलावर बसले. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो घेतला नाही. तेवढ्यात गणिताच्या बाई आल्या, हातात फुलं घेऊन.

"तुमचे उपकार कसे फेडू?" त्या यांना म्हणाल्या. "गेल्या वेळी मी दिवा समजून छत्रीवर शिक्का मारून आले होते. घरी येऊन खुणांचा कागद भिंगाखाली धरला तेव्हा कळलं, इतकी हळहळले! आमच्या रांगेतल्या कितीतरी जणांचं तसंच झालं होतं म्हणे. या वेळी दिवा कसा ठसठशीत दिसला! आता रस्ता रुंद झाला की माझ्या खोलीत ऊन येईल."

मग त्यांना आठवलं की ऊन येणार ते कुठून. फुलं टेबलावर ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

आजवर यांनी नसत्या गोष्टींचा दोष ओढून घेतला होता. हा मात्र खरा होता, अस्सल, स्वतःच्या हाताने घासून तयार केलेला. आता हा माणूस उठत नाही, असंच मला वाटलं.

"दादा, चष्मा परत घे यांचा," नणंद पुटपुटल्या.

हे बाईंकडे वळून म्हणाले, "जरा खिडकीबाहेर बघा. त्या पलीकडच्या भिंतीवरचं वाचता येतं?"

बाईंनी अडखळत वाचून दाखवलं.

"आणि हे जवळचं?" यांनी काचेच्या पुडीवरचा मजकूर पुढे धरला. बाईंनी तोही वाचला.

"फ्रेम नाकावर रुतत नाही ना? द्या, जरा सैल करतो." आणि यांनी चिमटा उचलला. मी यांच्या हातांकडे पाहत होते. हात स्थिर होते.

बाई गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "अहो, बरं वाटतंय ना?"

"इतकी वर्षं मी बिनपुराव्याचा गुन्हेगार होतो," हे म्हणाले. "आज पुरावा मिळाला. बघ की, खरा गुन्हा एवढाच असतो." आणि जेवायला वाढायला सांगितलं. दोनदा वाढून घेतलं.

पुढे घर पडलं. चाक उपटताना त्याचा दगड चिरला. आम्ही बाजारामागच्या एका अंधाऱ्या गाळ्यात गेलो आणि यांनी तिथे मरेपर्यंत दुकान चालवलं. प्रत्येक निवडणुकीत मत द्यायचे, घरी यायचे आणि कामाला लागायचे. नळ कोरडा पडला तर आता पालिकेत जाऊन भांडायचे. मिशीवाला पुढे चष्म्यासाठी यांच्याकडेच येऊ लागला. वकीलसाहेब आणखी दोनदा पडले, दोन्ही वेळा झोपेत असावेत. सासूबाईंनी शेवटपर्यंत आपलं मत कुणाला ते सांगितलं नाही, पण मिशीवाल्याचं नाव निघालं की पदर सारखा करायच्या. जन्मात मत न देणाऱ्या माझ्या नणंदबाई पुढे स्वतःच नगरसेविका झाल्या आणि मतदान हे पवित्र कर्तव्य आहे अशी भाषणं करू लागल्या. गणिताच्या बाईंच्या खोलीत ऊन आलं. त्या रोज त्यात खुर्ची टाकून बसायच्या, आणि अशाच एका सकाळी, चष्मा डोळ्यांवर असतानाच, गेल्या.