एका डब्यात दोन बिऱ्हाडं

माझ्या लेकाची, महिपतची, एक खोड मला कधीच खपली नाही. एखादी गोष्ट समजली नाही तर बायकोला विचारणं त्याला कमीपणाचं वाटते, पण तीच गोष्ट गावभर सांगताना काही वाटत नाही. त्या सोमवारीही तसंच. आमच्या बेला गावाच्या चौकात चहा पिता पिता सांगून आला, माझ्या बायकोनं कम्प्युटर मारला म्हणून.

कम्प्युटर घेतला घरानं, पण चालवते माझी सून पंचफुला. आदिलाबादला जाऊन सहा महिने शिकली आणि ओसरीत टायपिंगचं काम मांडलं. नव्व्याण्णव साली आमच्याकडच्या चार मराठी शाळांचे सहामाहीचे पेपर तिच्याकडे आले. पण ते यंत्र अर्ध्या कामात अडकून बसे. एका मासिकासोबत तिला लिनक्सची सीडी मिळाली. म्हणे, यंत्र चालवायची ही दुसरी रीत आहे, जुनीच्या बाजूला ठेवून पाहते. महिपत नाही म्हणाला. कारण विचारलं तर म्हणे, नाही म्हणजे नाही.

मग ती माझ्याकडे आली. मी दुसरीपर्यंत शिकलेली. तीनच गोष्टी विचारल्या. जुनं आहे तसं राहील का, दोघांच्या मध्ये बांध घालता येते का, आणि नाही जमलं तर माघारी फिरता येते का. ती म्हणाली, जुनं सगळं आधी फ्लॉप्यांवर उतरवते, मोकळी जागा कापून नव्याला वेगळी देते, आणि चालू करताना यंत्र दरवेळी विचारेल, कोणाला उठवू. आमच्या मालकांनी नवा कापूस पहिल्या साली बांधालगतच्या चार ओळींतच लावला होता, जुनं बियाणं घरात राखून. मला तेवढं पुरलं. लाव म्हटलं, घर माझं आहे. चौदा फ्लॉप्या माझ्या लुगड्यांच्या पेटीत ठेवल्या.

तीन आठवडे दोन्ही बिऱ्हाडं सुखानं नांदली. मराठी अक्षरं जुन्यातच होती, म्हणून पेपर तिनं त्यातच टाईप केले. मी बाजूला तूर निवडत पाहायची. पडदा काळा होऊन थांबे, ती तीन अक्षरं मारी, आणि जुनं उठे.

रविवारी ती भाच्याच्या बारशाला भीमपूरला गेली. सोमवारी महिपतनं यंत्र चालू केलं. काळा पडदा, एक शब्द आणि लुकलुकणारी रेघ. बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच. चौकात बोंब मारून आला तो चंपतची भाड्याची जीप घेऊनच. आदिलाबादच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, घेऊन या, सगळं पुसून नव्यानं भरून देतो.

सगळं पुसून. पेपर तर फ्लॉप्या भरल्यानंतरचे, त्या डब्याशिवाय कुठंच नव्हते. बुधवारी शाळांना द्यायचे होते. मी म्हटलं, संध्याकाळी पंचफुला येते, तोवर थांब. तो म्हणाला, जीप उभी आहे, आणि तारा उपटायला लागला.

मी उंबऱ्यात जाऊन बसले. डबा न्यायचा तर आईला ओलांडून न्यावा लागला असता.

चंपत अंगणातून हसला. "काकू, मंग तुमालेच नेतो आदिलाबादले."

"ने. तुह्या गाडीचे टायर किती घासले हायत, तेही सांगत जाईन लोकायले."

मग मी महिपतला म्हटलं, जशा काढल्या तशा तारा लाव. पुटपुटत लावल्या. पडदा पुन्हा काळा.

"पाह्य माय, मेलं."

मी कीबोर्ड उलटा केला. खाली पंचफुलानं चिठ्ठी चिकटवली होती, बटणांवर असतात तशीच तीन अक्षरं. एकेक अक्षर जुळवत बोट ठेवलं; मधलं गोल होतं, ते लवकर सापडलं. मग ती मारते ते कडेचं मोठं बटण दाबलं. यंत्र कण्हलं, आणि जुनं चित्र वर आलं. महिपतनं खाली मान घालून पेपर शोधले. चारही शाळांचे होते.

चंपतला चहा पाजून रिकाम्या जीपसकट परत पाठवलं. मग महिपतला समोर बसवलं.

"तुह्या बायकोनं नवं आणलं, पण जुन्याले धक्का लागू देला नाही. तू एका काळ्या पडद्याले भिऊन दोन्ही पुसाले निघाला. आजपासून या यंत्राले हात लावायचा तं पयले पंचफुलाले इचारायचं, अन् चारचौघात इचारायचं. आता चौकात जा. जितक्यायले मेलं म्हणून सांगितलं, तितक्यायले जितं हाय म्हणून सांगून ये. तोवर या घरात तुह्यं ताट वाढणार नाही."