लाल दिव्यांचं घर

ज्या वर्षी माझी नात लुर्देस सासरी गेली, त्या वर्षी तिच्या लग्नाच्या जेवणातच देल्फिनोने सांगून टाकलं, की त्याने आमच्या गावामागच्या पठारावर चाळीस एकर जमीन घेतली आहे. देल्फिनो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, एर्नेस्टिनाचा नवरा. आल्बुकर्क शहरात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची सगळी हयात गेली होती.

"गवत आहे का वर?" मी विचारलं. आयुष्यभर गुरांमागे फिरलेला माणूस मी, दुसरं काय विचारणार.

"नाही."

"पाणी?"

"टाकीने आणावं लागेल."

"वीज?"

"तारा तिथवर गेल्याच नाहीत. म्हणून तर घेतली."

"मग आहे तरी काय तिथे, कुन्यादो?" आम्ही दोघे मेव्हणे एकमेकांना हीच हाक मारायचो.

"अंधार," तो म्हणाला. "आल्बुकर्कला आता आकाशात विमानंच तेवढी दिसतात."

सगळं टेबल हसलं. एर्नेस्टिना भाकरी मोडत म्हणाली, "हसा, हसा. लग्नात यानं मला अंगठी दिली नव्हती. आता म्हातारपणी अंधार देतोय."

देल्फिनोने वर दोन खोल्या बांधल्या आणि शेजारी दुर्बिणीसाठी एक शेड. शेडचं पत्र्याचं छप्पर रुळांवरून ढकललं की बाजूला सरकायचं आणि सगळं आकाश उघडं पडायचं. घराचा नियम एकच होता. सूर्य मावळल्यावर पांढरा दिवा लावायचा नाही. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, आणि पांढरा उजेड क्षणभर जरी पडला तरी सगळं पहिल्यापासून, असं तो सांगायचा. लाल उजेडाने तसं होत नाही. म्हणून स्वयंपाकघरात सेलवरचा लाल दिवा, न्हाणीघरात लाल दिवा, हातातली बॅटरीसुद्धा लाल. पाहुण्यांनी फाटकाशीच गाडीचे दिवे बंद करून आत यायचं. मी दोनदा कुंपणाचा खांब पाडला.

गावातल्या दुकानदाराने, बेलार्मिनोने, एकदा एर्नेस्टिनाला चारचौघांत विचारलं, "काय बाई, लाल दिव्यांचा धंदा कसा चाललाय?"

"मंदा आहे," ती म्हणाली. "गिऱ्हाईक एकच, आणि तेही रात्रभर शेडमध्ये जाऊन बसतं."

ताऱ्यांचं तिला वेड नव्हतं. पण नजर त्याच्यापेक्षा तिची चांगली. त्याला काही सापडेनासं झालं की तो हाक मारायचा. ती गुडघे धरत यायची, दुर्बिणीला डोळा लावायची आणि म्हणायची, "आहे की. डावीकडे. काचेवर कुणी फुंकर मारावी तसं." मग ते त्यालाही दिसायचं. गुडघ्यांसाठी ती दुखण्याच्या गोळ्या खायची, जेवणाआधी, जेवणानंतर, मधेच कधीही. या गोळ्या पोट आतून जाळतात, असं मी बोललो तर म्हणायची, "तू तंबाखू सोड, मी गोळ्या सोडते."

त्या शरदात पाऊस हटेना. आभाळ तीन आठवडे झाकलेलं. एका मंगळवारी संध्याकाळी ते एकदम मोकळं झालं. बुधवारी सकाळी मी नेहमीसारखा पाण्याची टाकी घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं. खिडकीतून आलेलं ऊन स्वयंपाकघरात पडलं होतं आणि देल्फिनो भांडी घासायच्या पांढऱ्या बेसिनसमोर उभा होता. बेसिन रक्ताने माखलेलं होतं. शेजारचा टॉवेलही.

एर्नेस्टिना खुर्चीत बसली होती. तोंडाचा रंग राखेसारखा.

"पाणी बाहेरच ठेव, एलिसेओ," ती म्हणाली. "इथे अजून पुसलेलं नाहीये."

"रात्री नुसतं पाणी होतं," देल्फिनो माझ्याकडे न बघता बोलत होता. "ओकली तेव्हा मी बॅटरी धरून बघितलं. टॉवेल बघितला. पांढरा होता."

मग मला उमगलं. लाल उजेडात पांढऱ्यावरचं लाल दिसत नाही.

आम्ही तिला माझ्या पिकअपमध्ये दोघांच्या मधे बसवलं. रस्त्याचा चिखल झाला होता. चाकं फिरायची आणि गाडी जागेवरच डुलायची. देल्फिनो उतरून ढकलायचा, घसरून पडायचा, पुन्हा ढकलायचा. फोन लागायचा तो थेट डांबरी रस्त्यावर. मला जोरात हाकता येत नव्हतं आणि हळू हाकवत नव्हतं.

"मी म्हटलं होतं, पांढरा लावतो," देल्फिनो म्हणाला. "एकदा नीट बघू दे, म्हटलं."

"मीच नको म्हटलं," एर्नेस्टिना मला सांगत होती. "तीन आठवड्यांनी आभाळ उघडलं होतं. याचे डोळे सरावले होते नुकतेच. अर्धा तास वाया गेला असता."

"जाऊ द्यायचा होता."

"आता भांडू नकोस. थंडी वाजतेय मला."

त्याने आपलं जाकीट तिच्या गुडघ्यांवर घातलं. ते चिखलाने भिजलेलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं. पण दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून तसंच राहू दिलं.

डांबरी रस्त्यावरून फोन केला. ॲम्ब्युलन्स शहरातून निघाली आणि अर्ध्या वाटेत भेटली. तोवर ती बोलायची थांबली होती.

इस्पितळात एका तरुण नर्सने विचारलं, "रक्त कधीपासून पडतंय?"

"माहीत नाही," देल्फिनो म्हणाला.

"घरात कोण होतं त्यांच्याबरोबर?"

"मी होतो."

"मग दिसलं नाही का तुम्हाला?"

त्याने तोंड उघडलं. समजावून सांगायला सुरुवात कुठून करावी हे त्याला कळेना. नर्स आत गेली.

नंतर तिने एर्नेस्टिनाचे बूट आणून त्याच्या हातात दिले. त्यांना लागलेला चिखल अजून ओला होता. देल्फिनोने ते छातीशी धरले, मग खाली ठेवायला वाकला, मग ठेवले नाहीत.

"कुन्यादो," तो म्हणाला, "हे कुठे ठेवू?"



माझी बहीण एर्नेस्टिना त्याच बुधवारी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या वेळेला वारली. अडुसष्ट वर्षांची होती.