फटीतला ठोकळा

मित्रांनो, मी काळ्या रबराचा एक जुना ठोकळा आहे, आणि आयुष्यभर माझ्या वाट्याला संशयच आला.

साच्यातून निघालो तो थेट प्रयोगशाळेच्या टेबलावर. एका रुग्णालयाला लागून नवी इमारत बांधायची होती, मध्ये वीतभर फट ठेवून. भूकंपात दोन्ही इमारती आपापल्या तालात डोलणार आणि एकमेकींवर आदळणार. जुन्या इमारतीत फटीलगतच लहान मुलांचा वॉर्ड होता. धक्का सोसायला फटीत माझ्यासारखे ठोकळे बसवायचे, असे एका वयस्कर इंजिनिअरने ठरवले. त्याचा हिशेब तपासायला त्याची मुलगी बसली. तीही इंजिनिअरच.

आकडे छान जुळत होते. तरी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"बाबा, हे बघा. इमारती आदळून दूर जायला लागल्या, की तुमच्या हिशेबात हा ठोकळा त्यांना मागे ओढतोय."

"ओढू दे की. सगळे असाच हिशेब करतात."

"पण रबर ओढेल कसं? ते एकाच भिंतीला चिकटवणार ना आपण? दुसरी निघाली की निघाली."

"माझ्यावर संशय घेतेस?"

"तुमच्यावर नाही हो. याच्यावर!"

तिने माझ्याकडे बोट दाखवले. मला फार लागले. मग तिने माझ्यावर लोखंडी वजन पाडले, पुन्हा पुन्हा. मी दबलो, वजन उसळून गेले. मी त्याला ओढले मात्र एकदाही नाही. ती खोटी ओढ तिने हिशेबातून काढून टाकली. तेव्हा कळले, की मी जेवढा जोर गिळेन असे धरले होते, तेवढा मी गिळतच नाही.

बाबा काही दिवस रुसून आपला जुनाच हिशेब पुन्हा पुन्हा करत बसले. मग स्वतःच आले, मला अंगठ्याने दाबून पाहत म्हणाले, "फट रुंद करू. ठोकळे दुहेरी लावू. कंत्राटदाराची बोलणी मी खाईन."

नवी इमारत उभी राहिली आणि फटीत माझी वर्षे गेली. रंगाऱ्याने मला रंग फासला. कुणी पुठ्ठे कोंबले, कुणी विटांचे तुकडे. मुलगी अधूनमधून बॅटरी घेऊन येई आणि कुरकुरत सगळे उपसे.

एका दुपारी जमीन हलली. नवी इमारत अंगावर आली आणि मी जोडीदारासकट चेपलो. वॉर्डातला गिलावा पडला, मुले घाबरून रडली, पण एकालाही खरचटले नाही. त्या दिवशी सगळे माझे कौतुक करत होते. तेवढ्यात काठी टेकत बाबा आले.

"काढ त्याला बाहेर."

"बाबा, चांगला धड दिसतोय की!"

"म्हणूनच म्हणतोय."

प्रयोगशाळेत नेऊन मला कापले, तर मी आतून पार फाटलेलो. पुढचा धक्का मला पेलवला नसता. लेकीने बाबांकडे पाहिले आणि नवा ठोकळा वजनाखाली सरकवला.

मित्रांनो, इमारतींच्या फटीत कचरा कोंबू नका. आणि आमची नुसती वाहवा करू नका. येऊन दाबून पाहा, ठोकून पाहा. मला तिथेच राहू दिले असते, तर मीही खुशाल राहिलो असतो. आपण आतून फाटलो आहोत, हे माझे मलाच कळले नव्हते.