लंगडं वाक्य

भाचीला दुभाष्याचं काम मामांनी लावून दिलं, आणि त्याबद्दल घरात मामांचे इतके आभार मानले गेले की कुणालाही वाटावं, पोरीला राजगादीच मिळाली. खरं तर ती दातांची डॉक्टर. परदेशात शिकली, तिकडे नाव काढलं, आणि परत आली ती थेट घरी बसायला. बाहेर शिकून आलेल्यांनी इथे पुन्हा एक परीक्षा द्यायची, मग परवाना मिळायचा, असा नियम होता. त्याला तिची ना नव्हती. पण परीक्षा घेणार कोण? इथलेच जुने दंतवैद्य. आपल्याच गल्लीत नवा दवाखाना उघडून द्यायची हौस त्यांना कशाला असेल? कधी त्यांना हॉल मिळायचा नाही, कधी परीक्षकांचीच पाठ धरायची. भाची परतल्यापासून परीक्षा एकदाही झाली नव्हती, आणि ती कधी व्हावी हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता ते लिहिलं जायची वेळ आली होती. देशादेशांत सेवांच्या व्यापाराचा करार चालला होता. डॉक्टर, वकील, इंजिनियर अशा लोकांना परवाना देताना कुणी उगाच ताटकळत ठेवू नये, असा त्याचा एकूण अर्थ. त्यात एक वाक्य होतं: बाहेर शिकलेल्यांची परीक्षा दर वर्षी निदान एकदा घेतली जाईल. भाचीचं सगळं पुढचं आयुष्य त्या वाक्यावर टांगलेलं होतं, आणि ते वाक्य होतं कंसात. करारातलं जे एखाद्या देशाला मान्य नसेल त्याला चौकोनी कंस घालून ठेवायची तिथली पद्धत. हा कंस खुद्द मामांनी घातला होता, कारण दंतवैद्यांची संघटना म्हणजे मंत्रीसाहेबांच्या गळ्यातला ताईत.

मामा आपल्या देशाच्या बाजूचे मुख्य बोलणारे. समोरून काहीही आलं की ते आधी कंस घालत आणि मग वाचत, असं खात्यात म्हणायचे. पाठीमागे त्यांना कंसमामाच म्हणत. मामांच्या कानावर ते गेलं होतं, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटायचा.

आईनं भावाला जेवायला बोलावून विषय काढला.

"दादा, तेवढा एक कंस काढ ना रे. कुणाला कळतंय?"

"सगळ्यांना कळतं. भाचीसाठी देश विकला म्हणतील. आणि मंत्री मला उभा सोलतील ते वेगळंच."

"पोरगी घरी कुजत होती रे."

"आता कुठे कुजतेय? काम लावून दिलंय की," मामा म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं.

भाचीनं वाढलं. पातेलं त्यांच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटत होतं, पण वाढलं.

बैठकीच्या सभागृहात वरच्या अंगाला काचेची एक खोली होती. दोन खुर्च्या, दोन माइक, आणि शेजारी जोडीदार म्हणून एक जुन्या दुभाषी बाई. त्यांना सगळे काकू म्हणत. सरकारच्या शिरस्त्याप्रमाणे मामा आपल्या भाषेत बोलत, आणि ही ते बैठकीच्या भाषेत सांगे. समोरच्यांच्या कानात मामांचा आवाज जायचाच नाही, हिचा जायचा. काकूंनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. आणि त्याचं वाक्य लंगडत आलं तरी आपल्या तोंडून ते सरळ चालत बाहेर पडलं पाहिजे. लोक त्याला नाही, आपल्याला शिव्या घालतात."

भाची हे फार लवकर शिकली, हेच वाईट झालं. दातातली कीड जशी तिला चटकन दिसायची, तशी वाक्यातलीही दिसू लागली. कुणी अडखळत, भरकटत बोललं की तिचे हात शिवशिवायचे. माणूस श्वास घ्यायला थांबायच्या आत ती ते साफ करून, भरून, घासून पुढे पाठवायची.

शेवटच्या दिवशी अध्यक्षांनी जाहीर केलं की आता कंसांचा निकाल लावायचा. ज्याचा कंस त्यानं कारण सांगावं. पटलं तर वाक्य जाईल. नाही पटलं तर कंस जाईल आणि वाक्य राहील.

बोलायची पाळी मागायला मामांनी देशाच्या नावाची पाटी उभी केली तेव्हा काकूंनी भाचीच्या माइकवर हात ठेवला. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"तू बाहेर जा. हे मी करते."

"नको. माझी पाळी आहे," भाची म्हणाली. तिला कुणाची दया नको होती.

मामांनी मान वर करून काचेकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

"तर म्हणजे, आमचं म्हणणं असं की... परीक्षा, आता ती दर वर्षी घ्यायची तर... दात म्हणजे शेवटी काय, दातच. बापाच्या जिवावर बाहेर मजा मारून आलेली ही मुलं, आणि मग... रुग्ण तर आहेतच. नाही का? मी तर म्हणतो..."

बापाच्या जिवावर! तिचा बाप ती शाळेत असतानाच गेला होता, आणि त्याला खांदा द्यायला हेच मामा पुढे होते. भाचीच्या डोक्यात तिडीक गेली. राग आला की तिचं काम बिघडायचं नाही, उलट आणखी नेटकं व्हायचं. तिच्याच आवाजात, थंड आणि स्वच्छ शब्दांत, सगळ्यांच्या कानात पोचलं ते असं:

"मला एकच गोष्ट सांगायची आहे. रुग्ण तोंड उघडून खुर्चीत बसतो तेव्हा त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं. तारीख आली म्हणून उरकलेल्या परीक्षेतून जे पास होतील, त्यांच्या हातात मी माझ्या देशातल्या एकाही माणसाचं तोंड देणार नाही."

समोरच्या बाजूच्या बाईंनी, ज्या पहिल्या दिवसापासून त्या वाक्यासाठी भांडत होत्या, कानातलं यंत्र काढून ठेवलं.

"रुग्णांच्या जिवाचा प्रश्न असेल तर आमचा हट्ट नाही. वाक्य काढून टाका."

अध्यक्षांचा हातोडा पडला. लोकांनी बाकं वाजवली. काकू भाचीकडे बघत राहिल्या. आपण काय करून बसलो ते भाचीला तेव्हा कळलं. खाली मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ते जिन्यातच तिला गाठायला आले.

"काय बोललीस तू?"

"तुम्ही बोललात तेच."

"मी काय बोललो? मी काहीच बोललो नव्हतो! अगं गाढवे, ते गबाळं भाषण बसवायला अख्खा रविवार घातला होता मी. विरोध केला असं दिसावं आणि कुणाला म्हणून पटू नये. पटलं नाही म्हणाले की मी गप्प बसलो असतो, कंस गेला असता, वाक्य राहिलं असतं, काम फत्ते! वाटलं, दुसरं कुणी नाही तरी तू ते आहे तसं लंगडं ठेवशील."

"मला सांगायचं होतंत."

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

"मग आता जाऊन सांगा ना त्यांना. कंस नको म्हणा."

"तोंड आहे का मला? तूच बंद केलंस ते."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंत्रीसाहेब. मामांनी कोट सरळ केला, घसा साफ केला, आणि भाचीच्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

"हो साहेब. नाही, नाही, आपलं मार्गदर्शन... हो, तोंड उघडून बसतो ते ना? बोलता बोलता सुचलं, साहेब."

फोन खिशात टाकून त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "साहेबांना फार आवडलं. पुढच्या फेरीलाही तुलाच घेऊ, काळजी करू नकोस." आणि ते हे अगदी मनापासून म्हणाले.

घरी आई दारातच उभी होती. लेकीचं तोंड बघून तिला विचारायची गरज उरली नाही.

"केलाच ना विरोध? काय म्हणाला तो? शब्द न् शब्द सांग मला."

भाचीनं सांगितलं. आपण म्हटलेलं सगळं, जसंच्या तसं. आई भिंतीला टेकून खाली बसली.

"सख्ख्या भाचीबद्दल!" ती म्हणाली. "त्याच्याच्यानं असं बोलवलं तरी कसं गं?"

"त्यांच्याच्यानं नाहीच बोलवलं, आई," भाची म्हणाली. "मी बोलले."