फडके रोडवरचा प्रश्न

दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर गेल्याशिवाय डोंबिवलीच्या पोरांना दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही. अभ्यंगस्नान, नवे कपडे, गणपतीचं दर्शन, आणि मग रस्ताभर मित्रमैत्रिणी. माझी भाची ऋजुता, अकरावीतली, यंदा माझी साडी नेसून गेली होती. तिथे एका स्थानिक चॅनेलवाल्याने तिच्यापुढे माईक धरला आणि विचारलं, आज कारीट का फोडतात?

तिने नरकासुरापासून सगळं सांगितलं, ते कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडण्यासकट. संध्याकाळी मोबाईलवर आलं ते भलतंच. प्रश्न तोच, पण ऋजुता खांदे उडवून म्हणते, "माहीत नाही." खरं तर ही गर्दी कधी पांगेल, असं विचारल्यावर ती तसं म्हणाली होती. वर मथळा, 'सेल्फी येते, संस्कृती येत नाही'. तिच्या वर्गातला संदेश नावाचा मुलगाही त्यात होता, तोही "माहीत नाही" म्हणताना.

माझं डोकंच फिरलं. तरुण पोरांना नावं ठेवायला आपल्याकडे बारमाही मुहूर्त असतो, पण म्हणून खोटं दाखवायचं? तिची मैत्रीण क्षिप्रा हिने सगळं आपल्या फोनवर टिपलं होतं. मी चॅनेलला फोन करून त्यांची चांगली खरडपट्टी काढली. भाऊबीज झाली आणि तोच वार्ताहर, महेंद्र, घरी हजर झाला.

चकली खात त्याने तोडगा सांगितला. नवा व्हिडिओ करू. आधी संदेशचं "माहीत नाही", मग ऋजुताचं पूर्ण उत्तर. शीर्षक, 'अशीही एक मुलगी'. मी तर खूशच झाले.

"संदेश कशाला हवा त्यात?" ऋजुताने विचारलं.

फरक दिसायला हवा, असं महेंद्र म्हणाला.

तिने त्याला शांतपणे समजावलं. संदेशचं घर देशावरचं, त्यांच्याकडे कारीट फोडायची पद्धतच नाही. माहीत नव्हतं, तसं त्याने सरळ सांगितलं. आता क्लासच्या ग्रुपवर पोरं त्याला 'कारीट' म्हणतात, आणि त्याने ग्रुप सोडलाय. चूक सुधारायचीच असेल तर तो आधीचा अख्खा व्हिडिओ काढून टाका, असं तिने सुचवलं. ते साहेबांच्या हातात आहे, म्हणत महेंद्र ताटलीकडे बघत राहिला. संदेशशिवाय नवा व्हिडिओ चालणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

"मग माझा नका करू," ऋजुता म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं. अगं, सगळं गाव तुला ढ समजतंय, नाव साफ करायची संधी दारात आली आहे, वेडी आहेस का, असं बरंच बोलले. तिचे डोळे भरले होते. म्हणजे आपलं नाव साफ व्हावं, असं तिलाही वाटतच होतं.

"आत्या, मला येत होतं म्हणून माझ्यावर अन्याय झाला, आणि त्याला येत नव्हतं म्हणून त्याच्यावर झाला नाही, असं कसं गं?"

मी बाहेर जाऊन महेंद्रला नवा व्हिडिओ नको म्हणून सांगितलं.

महेंद्र गेला. व्हिडिओ अजून तसाच आहे, आणि त्याखाली लोकांचं लिहिणंही थांबलेलं नाही. परवा कोणा काकांनी ऋजुताबद्दल लिहिलं, हिला घरच्यांनी काहीच शिकवलेलं दिसत नाही. भांडायला म्हणून मी फोन हातात घेतला, आणि मग ठेवून दिला. तिने त्या दिवशी जे केलं, ते आमच्या घरात तिला खरंच कोणी शिकवलं नव्हतं.