कपाळावरचं हिमोग्लोबिन

पोशेऱ्यातल्या आमच्या पाड्यावर त्या सकाळी एवढी गर्दी, की मतदानालाही कधी झाली नाही. कुणी पोर काखेत मारून आलेलं, कुणी म्हातारीला पाठीवर घेऊन. लाडक्या तर शेळी घेऊन रांगेत उभा. हल्ली ती फिकी दिसते म्हणे.

मधोमध रक्तवाढ महाराज बसलेले. माणसाच्या कपाळाला हळद चोळायची, वर तांब्यातलं तीर्थ शिंपडायचं, की हळद लाल!

"देखो, रक्त चढलं! हिमोग्लोबिन चौदा! बिना सुई, बिना रिपोर्ट!"

शेळीचं पंधरा निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी प्रमिला, इथली आरोग्य सेविका. माझा जीव अडकला होता ठकीच्या लेकीत, चंदनात. पाच वर्षांची पोर, चार दिवस थंडीतापाने फणफणलेली, जीभ पांढरीफटक.

"ठके, बोट दे तिचं. एक थेंब तपासू दे."

"नको ताई! आधीच रक्त कमी, त्यात तुमी काढणार? महाराज चढवतात ना!"

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

चंदनाच्या कपाळाला हळद लागली. शेजारी तिची आजी नवशी तळहातावर तंबाखू मळत होती. नातीच्या डोळ्यात हळद जाईल म्हणून तिने घाईघाईने अंगठ्याने पुसली, आणि पुसली तिथे लाल पट्टा उमटला. महाराजांनी तांब्याला अजून हातही लावला नव्हता.

"आजीच्या अंगात देव आला!" लाडक्या ओरडला. अर्धा पाडा नवशीच्या पायांवर.

महाराजही पक्के. "हमने शक्ती दिली तिला!"

"पाय सोडा मेल्यांनो!" नवशी खेकसली. "अंगात काय नाय माझ्या, अंगठ्याला चुना हाय!"

मग मी थांबते होय? समोरच्या घरातला हळद वाटलेला पाटा आणवला. नवशीच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्यावर ओढला. पाटा लाल!

"घ्या, दगडाचंही चौदा! हळदीला चुना लागला की ती लाल होते. यांचं तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी."

महाराज लघवीला म्हणून उठले, ते थेट मोखाड्याच्या जीपमध्ये चढताना दिसले. सगळे पोट धरून हसले. ठकी मात्र हसली नाही. तिने पोरीचं बोट पुढे केलं.

थेंब तपासणीच्या किटवर टाकला, दोन रेघा आल्या. मलेरिया. दुसऱ्या थेंबात हिमोग्लोबिन साडेपाच.

"ताई, पहिल्याच दिवशी दिलं असतं बोट तर?"

राग आला होता, पण तिचा चेहरा बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "आज दिलंस ना? चल, आरोग्य केंद्राच्या गाडीत बस."

जव्हारच्या दवाखान्यात चंदनाला मलेरियाचं औषध मिळालं, बाटलीतून खरं रक्त मिळालं. चौथ्या दिवशी तिने भात मागितला. ठकी भरवता भरवता रडत होती.

बायांनो, मलेरियाचे जंतू रक्तातल्या लाल पेशी फोडतात. ज्या पोराच्या अंगात लोह, झिंक आधीच कमी, ते आणखी खंगतं. कपाळ रंगवून मलेरिया किंवा रक्ताची कमी कळत नाही, थेंब तपासूनच कळतं. आधी मलेरियाचं औषध, मग डॉक्टर सांगतील तसं लोह, आणि रोज पोटभर नाचणी, डाळ, पालेभाजी. पोर तापलं की त्याच दिवशी बोट पुढे करा. थेंबभर रक्त अंगात परत तयार होतं, पोर नाही होत.