कबड्डी मोठ्यानं म्हणा

मला डोळ्यांनी दिसत नाही. हे एकदाच सांगते, उगाच कुणी हळहळू नका.

हडपसरच्या आमच्या शाळेत नववीपर्यंत खेळाच्या तासाला माझं काम एकच होतं, लिंबाखाली बसून पोरींच्या चपला राखायच्या. त्या झिजलेल्या चपला कोण पळवणार होतं, देव जाणे! मग खेळाला सुनीतीबाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हेमा, राखणीचा पगार देते का गं शाळा तुला?"

"नाही, बाई."

"मग ऊठ."

आणि मला थेट कबड्डीच्या साखळीत उभं केलं. एका हातात मंदाकिनीचा हात, दुसऱ्यात विजयमालाचा. त्या ओढतील तसं सरकायचं आणि चढाई करणारीच्या आवाजावर कान ठेवायचा. सुरुवातीला मी सपशेल आपटले. पण पुढेपुढे माझ्या तावडीतून सुटणं पोरींना जड जायला लागलं. इतकी मजा मला शाळेत कधीच आली नव्हती.

हेडसर मात्र बाईंना म्हणाले, "लागलंबिगलं तर घरच्यांना कोण तोंड देणार?" शेवटी असं ठरलं की शनिवारी 'ब' तुकडीशी सामना घ्यायचा. सर बघणार, माझ्या आईलाही बोलावणार. झेपलं नाही तर हेमा परत लिंबाखाली. शुक्रवारी मला जेवण जाईना. परत त्या चपलांपाशी बसायचं, या विचारानंच रडू येत होतं.

सामना सुरू झाला आणि 'ब'ची कुसुम चढाईला आली. भलती हुशार! तोंडातल्या तोंडात पुटपुटत आली. ती नेमकी कुठे आहे ते मला कळेचना. माझ्या खांद्याला हात लावून ती रेषेपार पळालीसुद्धा. तेवढ्यात बाईंची शिट्टी वाजली.

"कबड्डी ऐकू आली नाही. चढाई पुन्हा."

"हेमासाठी वेगळा नियम का, बाई?" कुसुम फणकारली.

"वेगळा कसला? मोठ्यानं म्हणायचं, हा नियम तुझ्या जन्माच्या आधीचा आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून तो गिळला होता."

कुसुम अशी चिडली, की गाडीतळापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडत आली. मी ऐकत राहिले. आवाज डावीकडे गेला, जवळ आला, मग बारीक व्हायला लागला. दम संपत आला होता कुसुमबाईंचा! ती मागे वळतेय असं वाटताच मी मंदाचा हात सोडला, खाली झेपावले आणि तिचा घोटा धरला. बाकीच्या पोरी धपाधप आमच्या अंगावर पडल्या. कुसुम बाद!

माझा ओठ फुटला होता. हेडसर धावत आले, मागोमाग आईही. सर माझी हनुवटी धरून म्हणाले, "रक्त! मी म्हणत नव्हतो? सोजरबाई, बघा तुम्हीच."

आईनं पदरानं माझा ओठ पुसला. "सर, त्या कुसुमचं बी ढोपार फुटलंय की. तिला कुठल्या झाडाखाली बशिवनार?"

सरांनी माझी हनुवटी सोडली. मग त्यांनी जरा हळू विचारलं, "हेमा, तुला खेळायचंय का पुढे?"

"खेळतेच आहे, सर," मी म्हटलं. "तुम्ही दोघं मैदानात उभे आहात, म्हणून डाव अडलाय."